सरांना ओलांडायचं नाही

चालता चालता पाय मोडून घेतलेली बाई म्हणून मी आमच्या भागात प्रसिद्ध आहे. खरं म्हणजे पाय मोडला नव्हता, मांडीच्या मागचा स्नायू बसायच्या हाडापाशी फाटला होता. पण मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये मिरवता येतं, फाटलेला स्नायू कुणाला दाखवणार? त्यामुळे सहानुभूती माझ्या वाट्याला आलीच नाही. धावताना पडलेल्या माणसासाठी लोक हळहळतात. चालताना पडलेल्या माणसाला विचारतात, मोबाइल बघत होता का म्हणून.

मी चालण्याच्या शर्यतीत भाग घेते. वीस किलोमीटर. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगते, नियम दोनच आहेत. एक पाय कायम जमिनीवर हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. एवढं सांभाळून जमेल तितक्या जोरात चालायचं. बघणाऱ्याला वाटतं, बाईला घाईची लागली आहे आणि सांगायची सोय नाही. वाटेत पंच उभे असतात. संशय आला की ते दांडीवरची पिवळी पाटी दाखवतात. खात्री पटली की नावावर लाल शेरा, आणि तीन शेरे झाले की लाल पाटी दाखवून बाहेर काढतात.

आमच्या क्लबात मात्र नियम चार होते. तिसरा नियम, धावायचं नाही. शर्यतीत तर नाहीच, पण एरवीही नाही. बस सुटत असली तरी नाही, दूध उतू जात असलं तरी नाही. सरांचं म्हणणं, पायाला एकदा धावायची चटक लागली की तो कायमचा हाताबाहेर जातो. चौथा नियम, सराव करताना सरांना ओलांडायचं नाही. सर बासष्ट वर्षांचे. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. नोकरीत दुकानदारांचे तराजू तपासून हौस फिटली नाही म्हणून आमचे गुडघे तपासायला लागले. त्यांच्या कापडी पिशवीत दोन्ही पाट्या कायम असायच्या. बाजारात भाजी घेताना आमच्यापैकी कुणी घाईत दिसलं, की वांग्यांच्या ढिगावरून पिवळी पाटी वर यायची. लाल दाखवली, तर आठवडाभर सगळ्यांचे घामट बनियन धुवायचे.

हे आम्ही मुकाट्याने पाळत होतो. आम्ही म्हणजे सात शिकलीसवरलेली माणसं. त्यात एक दंतवैद्य होता, एक शिंपीण होती. शिंपिणीच्या मागे एकदा कुत्रं लागलं, तर ती चालतच राहिली. कुत्रं चावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि म्हणाले की चावताना सुद्धा गुडघा सरळ होता. शिंपिणीला इतका आनंद झाला की पोटरीवरचे टाके ती महिनाभर सगळ्यांना दाखवत होती. मला तिचा हेवा वाटला होता, हे आज सांगायला लाज वाटते.

माझे यजमान बसचालक आहेत. एकदा मी थांब्यापासून वीस पावलांवर होते आणि त्यांची बस सुटायला आली होती. त्यांनी भोंगा वाजवला, खिडकीतून हात केला. मी आपली कंबर हलवत चालले आहे. त्यांनी वेळापत्रक बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बस नेली. बायकोला मागे टाकून बस वेळेवर नेली म्हणून आगारात त्यांचं कौतुक झालं असेल. घरी आठवडाभर त्यांचा चहा गार होता.

तर पाय. निवडीच्या शर्यतीत मी दुसरी होते आणि दोनच फेऱ्या उरल्या होत्या. पहिल्या दोघींना पुढच्या संघात जागा. मी चौदा वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होते तो असा समोर आला होता, आणि पाण्याच्या टेबलापाशी कुणीतरी टाकलेल्या ओल्या स्पंजावर माझी टाच पडली. पाय पुढे घसरला, अंग मागे राहिलं, आणि मांडीत जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मग मी रस्त्यावर होते, आणि तिसरी, चौथी, पाचवी माझ्या शेजारून गुडघे सरळ ठेवून निघून गेल्या.

आमचा क्लब शेवटच्या रेषेपाशी उभा होता, तीनशे मीटरवर. सगळ्यांनी मला पडताना पाहिलं. आणि सगळे निघाले. चालत. पुढे सर, मागे एका रांगेत सहा जण, कोपरं काटकोनात, कंबर डावीउजवीकडे. सरांना ओलांडायचं नाही, आणि सरांचं वय बासष्ट. मी रस्त्यावर पडल्या पडल्या ती वरात येताना बघत होते. माझ्या मनगटावरचं घड्याळ शर्यतीसाठी चालूच होतं, म्हणून आकडा पक्का माहीत आहे. चार मिनिटं दहा सेकंद.

पाण्याच्या टेबलावरची बाई मात्र एका क्षणात आली. चपला टाकून, अनवाणी धावत आली, बर्फाची पिशवी माझ्या मांडीखाली सारली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सर पोचले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पंचांना, हिच्या नावावर शेरे किती म्हणून. एकही नव्हता. सरांनी मान हलवली आणि दंतवैद्याला म्हणाले, माझ्या डोक्यावरून म्हणाले, "न धावता असा पाय फाटत नाही. ही चोरून धावत असणार."

पायाचं दुखणं मी सहन केलं. हे वाक्य मात्र मला गिळता आलं नाही. चौदा वर्षं मी बस सोडल्या, दूध उतू जाऊ दिलं, नवऱ्याशी अबोला धरला, आणि शेवटी चोर ठरले.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या आणि बसवायच्या. काम उभ्याने असतं. पाय गेल्यावर मालकांनी मला उंच स्टूल दिलं, पण फाटलेली जागा नेमकी स्टुलावर टेकत होती, त्यामुळे मी एका बाजूला कलून बसायची. समोरचं गिऱ्हाईक आपला नंबर वाढला की काय म्हणून डोळे चोळायचं. घरी सासूबाई रोज संध्याकाळी माझ्या पायाला तेल लावायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, की आम्हीही जन्मभर चाललो, पण आमच्या चालण्याला कुणी घड्याळ लावलं नाही म्हणून आमचे पाय शाबूत राहिले. जखमेवर तेल आणि मीठ एकाच हाताने चोळायची कला त्यांच्याकडे आहे. पण एक सांगते, त्या पाच महिन्यांत त्यांनी तेल एक दिवसही चुकवलं नाही. क्लबातून मला बघायला कुणी आलं नाही. शिंपिणीने निरोप पाठवला, सर नको म्हणाले.

मला रडू यायचं ते भलत्याच वेळी. काच घासताना यायचं, कपडे वाळत घालताना यायचं. पडले याचं दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी एक घाणेरडी शंका बसली होती, की सरांचं खरं असेल. दमल्यावर माझ्याही नकळत दोन्ही पाय उचलले गेले असतील. आपण नापास झालो आहोत, आणि ज्या विषयात नापास झालो तो विषय म्हणजे चालणं, जो वर्षाच्या पोराला जमतो. हे कुणाला सांगणार? यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, बस बंद पडली तर चालकाचा दोष नसतो. त्यांना बरं बोलायचं होतं, पण मला बस म्हटलं हेच माझ्या डोक्यात राहिलं.

पाय बरा करणारी फिजिओ म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ठेंगणी आणि अजिबात दयामाया नसलेली मुलगी. तिच्याकडे एक पिवळा रबरी पट्टा होता. तो घोट्यात अडकवून पाय मागे ओढायचा, पाठीवर झोपून कंबर उचलून धरायची, पुन्हा पट्टा. मी कण्हले की ती मोजणं थांबवायची आणि एकपासून सुरू करायची. तिसऱ्या महिन्यात मी कण्हणं सोडून दिलं. चौथ्या महिन्यात जिना चढले. पाचव्यात मी चालत होते, अगदी शर्यतीसारखं नाही, पण रस्त्यावरची माणसं पुन्हा वळून बघायला लागली, म्हणजे बरं चालत असणार.

त्या महिनाअखेर पुढच्या निवडीच्या शर्यतीसाठी नावं पाठवायची होती. अर्जावर दोन सह्या हव्यात, एक फिजिओची आणि एक क्लबाच्या प्रशिक्षकाची. मी अर्ज फिजिओपुढे ठेवला. तिने तिची तपासणीची यादी काढली. शेवटची ओळ होती, शंभर मीटर धावणे.

मी म्हटलं, मी धावत नाही. तिला वाटलं, अजून दुखतंय. मी तिला तिसरा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तुमच्या क्लबाशी काही घेणं नाही. मला या स्नायूशी घेणं आहे. तो झटका सोसतो की नाही, हे धावल्याशिवाय कळत नाही. धावल्याशिवाय सही नाही."

मी सरांकडे गेले. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच. ते माझ्या चेहऱ्याआधी माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. मी फिजिओची अट सांगितली. म्हणाले, ही बाई उद्या पोहणाऱ्याला झाडावर चढायला सांगेल. धावलीस तर माझी सही विसर. आणि तोपर्यंत रांगेत यायचं नाही, मागून एकटीने चालायचं.

म्हणजे धावले तर सरांची सही नाही, आणि नाही धावले तर फिजिओची नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये अर्ज हातात घेऊन उभी. यजमान म्हणाले, गुपचूप धावून ये, सरांना कोण सांगतंय. चोरून धावते असा आरोप माझ्यावर आधीच होता. आता तो खरा करायचा?

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. नियम हे सोयीचं पांघरूण होतं. दोन्ही पाय जमिनीवरून सुटतील आणि फाटलेल्या पायावर सगळं अंग येऊन आदळेल, तेव्हा पुन्हा तो आवाज येईल, याची मला भीती होती. दोनदा मी पहाटे मागच्या गल्लीत गेले. दोन्ही वेळा ओढ्यासमोर उभ्या राहिलेल्या गाढवासारखी पाच मिनिटं उभी राहून परत आले. सासूबाईंना सांगितलं की दूध आणायला गेले होते. हातात पातेलं नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही.

महिना संपायला चार दिवस उरले होते. सराव तळ्याभोवतीच्या रस्त्यावर असतो, किलोमीटरभराचा वळसा. क्लबाची रांग पुढे गेली होती आणि मी, बहिष्कृत, पाऊण फेरी मागे. सर त्या दिवशी रांगेत नव्हते. ते वळणावर उभे राहून गुडघे तपासत होते. रांग समोरून जाऊन तळ्यापलीकडे पोचली, तेव्हा त्यांना दंतवैद्याच्या डाव्या गुडघ्याचा संशय आला. नीट दिसावं म्हणून ते ओणवे झाले, एक पाऊल मागे गेले, आणखी ओणवे झाले, आणखी एक पाऊल मागे. मागे पावसाचं पाणी जायची उघडी चर होती. मी दीडशे मीटरवरून बघत होते. सर दिसेनासे झाले. नुसती पिशवी रस्त्यावर राहिली.

मग ते ओरडले. त्या ओरडण्यात वजनमाप खातं नव्हतं, नियम नव्हते. नुसतं एक म्हातारं माणूस दुखून ओरडत होतं.

मी धावले. विचार केला असता तर उभीच राहिले असते. तिसऱ्या पावलाला माझ्या लक्षात आलं की मी धावते आहे, आणि मी आवाजाची वाट बघायला लागले. आवाज आला नाही. दहा पावलं, वीस पावलं, दोन्ही पाय हवेत, आणि वारा कानात. फार वाईट धावत असणार मी, चौदा वर्षांत सवय कुठली? हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. पण पाय धरत होता. उजवा पाय पुन्हापुन्हा जमिनीवर आदळत होता आणि प्रत्येक वेळी मला उचलून पुढे देत होता. मला धावता धावता हसू आलं आणि रडूही आलं.

सर चरीच्या काठाला अर्धे वर आले होते. घोटा भलत्याच दिशेला वळला होता. मी येताना त्यांनी पाहिलं. त्या अवस्थेतही त्यांचा हात पिशवीकडे गेला, पिशवीतून लाल पाटी निघाली, आणि त्यांनी ती मला दाखवली. सवयीला औषध नाही.

मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. पिवळीही घेतली. दवाखान्याच्या गाडीला फोन केला. मग दोन्ही पाट्यांच्या दांड्या घोट्याच्या दोन बाजूंना लावल्या आणि फिजिओचा रबरी पट्टा माझ्या कमरेला होता त्याने घट्ट बांधून टाकल्या. त्या पाट्यांचा इतका चांगला उपयोग कधी झाला नव्हता. बांधून झाल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले आणि जे विचारायचं होतं ते विचारलं.

"धावत होतात का, सर?"

सर तळ्यापलीकडे बघत राहिले. तिकडून रांग येत होती. त्यांनी सरांचं ओरडणं ऐकलं होतं आणि ते निघाले होते. चालत. सहा जण, कोपरं काटकोनात. सर पुढे नसल्यामुळे पहिल्या जागेवर कुणी जाईना. दंतवैद्य जरा पुढे झाला की दचकून मागे व्हायचा. मी मनगटावरचं घड्याळ सुरू केलं.

सर थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि बावीस वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं ते ओरडले. "धावा! अरे, धावा की!"

रांग जागच्या जागी थबकली. आपली परीक्षा चालली आहे हे त्यांनी ओळखलं. शिंपिणीने गुडघे आणखी सरळ केले. आणि ते पुन्हा निघाले, मघापेक्षा हळू आणि मघापेक्षा अचूक.

"किती झाली?" सरांनी विचारलं.

"दोन मिनिटं चाळीस. अजून पाव तळं आहे." मी म्हटलं, "माझ्या वेळी चार मिनिटं दहा सेकंद लागले होते. पुढे तुम्ही होता."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. म्हणाले, "मला त्या दिवशी वाटलं होतं, आपण लवकर पोचलो."

मी हे वाक्य पाच महिने ऐकायला आसुसले होते असं नाही. मला माफी हवी होती, भरसभेत, हात जोडून. पण तिथे बसल्यावर मला त्यांचा रागही येईना. मी त्यांचा हात धरला. रांग पोचायच्या आधी गाडी पोचली. दंतवैद्याने आल्या आल्या विचारलं, सर, माझा डावा गुडघा ठीक होता ना?

फिजिओला मी दीडशे मीटर धावल्याचं सांगितलं. तिने मला बाहेर नेऊन स्वतःच्या डोळ्यांसमोर पुन्हा शंभर मीटर धावायला लावलं आणि सही करताना म्हणाली, धावता फार भिकार, पण स्नायू छान आहे. सरांनी दवाखान्यातल्या पलंगावर अर्ज घेतला आणि सही केली. शर्यतीत मी नववी आले. एक पिवळी पाटी, शेरा एकही नाही. संघात जागा नाही. पाण्याच्या टेबलापाशी मात्र मी खाली न बघता गेले. शेवटच्या रेषेपलीकडे यजमान बस घेऊनच आले होते, रिकामी, आणि सासूबाई पहिल्या खुर्चीवर तेलाची बाटली घेऊन बसल्या होत्या. नववी आलेल्या बाईचं एवढं स्वागत कुणी केलं नसेल. आपण नापास झालो ही शंका अजून कधीमधी येते. पण आता ती येते, बसते आणि उठून जाते.

तीन महिन्यांनी मी शेवटच्या तपासणीसाठी फिजिओकडे गेले, तर बाकावर सर. शेजारी काठी, घोट्यात पिवळा रबरी पट्टा. आतून त्या मुलीचा आवाज येत होता, कुणीतरी कण्हलं होतं आणि ती पुन्हा एकपासून मोजत होती. सरांच्या हातात तपासणीची यादी होती. शेवटची ओळ मला लांबूनच वाचता आली, चष्म्याच्या दुकानात काम करते मी.

मी शेजारी बसले. मग त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "धावताना हात कुठे धरायचे गं?"

मला हसायचं होतं. गेल्या आठ महिन्यांचं सगळं हसू तोंडात जमा झालं होतं. पण त्यांनी यादी इतकी घट्ट धरली होती की कागद चुरगळला होता, आणि मागच्या गल्लीतली ती गाढवासारखी उभी राहिलेली पाच मिनिटं मला आठवली.

"उद्या पहाटे तळ्यावर या," मी म्हटलं, "मी दाखवते. पण माझ्या मागून यायचं, सर. मला ओलांडायचं नाही."